इंग्रजी शिकवायला गोराच कशाला लागतो?

रत्नागिरी, चिपळूण, देवगडकडची पोरं हल्ली मेसेज करतात, ताई तुम्ही जपानला कंपन्यांमध्ये बिझनेस इंग्लिश शिकवत होता ना, आमचं होईल का, आम्ही मराठी मीडियमची, आम्हाला ॲक्सेंट नाही. प्रत्येकाला वेगळं टाईप करून कंटाळा आला म्हणून एकदाच इथे लिहून टाकते, लांबलंय, वेळ असेल तर वाचा.

ॲक्सेंटचं आधी डोक्यातनं काढा. मी पण मराठी शाळेतलीच, आमच्या वेळी इंग्रजी पाचवीपासून (पहिलीपासून आलं ते २००० साली, आमचा नंबर हुकला). जपानला चाललेय म्हटल्यावर काकूने तोंडावर विचारलेलं, "काय गो, तिकडे इंग्रजी शिकवायला गोरे संपले काय?" काकूचं सोडा, कंपन्यांना शिक्षक पुरवणारे एजन्सीवाले पण गोड शब्दांत तेच विचारत होते. कितीतरी जाहिरातींत सरळ "नेटिव्ह स्पीकर ओन्ली" लिहिलेलं असतं. दक्षिण कोरियात तर इंग्रजी शिक्षकांचा नेहमीचा ई-२ व्हिसा सात देशांच्या पासपोर्टवाल्यांसाठीच आहे, अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि दक्षिण आफ्रिका. लहान मुलांच्या क्लासचं मला माहीत नाही, पण कंपनीतल्या माणसांसाठी हा निकष साफ चुकीचा आहे, आणि हे मी जळून बोलत नाहीये (थोडं जळून बोलतेय).

आता क्लास कसा असायचा ते सांगते. नागोयाच्या बाजूला गाड्यांचे पार्ट बनवणारी कंपनी, शिफ्ट सुटल्यावर मीटिंग रूममध्ये क्लास, सगळे कंपनीच्या राखाडी जॅकेटात, बहुतेक माझ्या बाबांच्या वयाचे. दारापासून सगळ्यात लांबच्या खुर्चीत सेक्शनचा साहेब, मग उतरत्या क्रमाने बाकीचे, आणि दाराजवळ ज्युनिअर पोरगा. मी प्रश्न विचारला की सगळे आधी साहेबाकडे बघणार. साहेब बोलला नाही तर कोणीच बोलणार नाही, आणि साहेबाला तर बोलताच येत नाही! मग मी साहेबांना मीटिंगचे मिनिट्स लिहायला बसवलं. त्यांचा मान राहिला, पोरांची तोंडं उघडली.

बरं ही माणसं अडाणी नव्हती हां. तिकडे टोइक या इंग्रजीच्या परीक्षेचं वेड आहे, १९७९ पासून चालू आहे, दोन तासांत २०० प्रश्न, पैकीच्या पैकी म्हणजे ९९०, आणि कितीतरी कंपन्या प्रमोशनला तो स्कोअर बघतात. पण नेहमीच्या टोइकमध्ये फक्त ऐकायचं, वाचायचं आणि गोळे काळे करायचे, तोंडातून एक शब्द काढायचा नाही. त्यामुळे ८०० वाला इंजिनिअर फोन वाजला की घामाघूम.

आणि फोन कोणाचा? लंडनचा नाही. थायलंडच्या प्लँटचा, नाहीतर आपल्या चाकणचा! यांना माझ्याकडून काय हवं होतं माहितीय, चाकणवाले इतकं भरभर काय बोलतात ते कळायला हवं होतं. आता हे त्यांना मेलबर्नचा पोरगा काय शिकवणार. माझा मावसभाऊ चाकणलाच क्वालिटीत आहे, त्याच्याकडून व्हॉइस नोट मागवायचे, "सर ॲक्च्युअली काय झालं ना, मटेरियल कालच डिस्पॅच झालंय" हे इंग्रजीत नेहमीच्या स्पीडने बोल म्हणून, आणि ते वर्गात लावायचे. पहिल्या वेळी सगळ्यांचे चेहरे बघण्यासारखे होते. नंतर त्यांना एवढीच सवय लावली की कळलं नाही तर मान डोलवायची नाही, थांबवायचं, आकडा परत म्हणून दाखवायचा, तारीख विचारून घ्यायची.

आकड्यांचं तर विचारूच नका. जपानी माणूस दहा हजारांच्या पटीत मोजतो, त्याला मान म्हणतात, आणि दहा कोटी म्हणजे एक ओकु. मिलियन आला की डोक्यात हिशोब करायला लागतो, आपल्या लाख-कोटीवाल्यांचं होतं तसंच. मी त्यांना फळ्यावर तिन्ही पद्धती शेजारी शेजारी मांडून दिल्या, जपानी, आपली आणि मिलियनवाली, ते पान मग त्यांच्या डेस्कला चिकटवलेलं असायचं.

खरंतर हे सगळं कोकणातल्या माणसाला नवीन नसावं. आपल्याकडे घरटी कोणीतरी बोटीवर असतो. कॅप्टन ग्रीक, इंजिनिअर युक्रेनचा, खलाशी फिलिपिनो आणि आपले, इंग्रजी कोणाचीच घरची नाही पण बोट चालते. त्यासाठी आयएमओने, म्हणजे जहाजांचे नियम ठरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेने, २००१ साली ठरावीक इंग्रजी वाक्यांचा संच मंजूर केलाय, एसएमसीपी म्हणतात त्याला. नीट ऐकू आलं नाही तर "से अगेन", चुकलं तर "मिस्टेक" म्हणायचं, मग "करेक्शन" आणि बरोबर काय ते. १५० हा आकडा वन-फाइव्ह-झिरो असा सुटा सुटा सांगायचा, आणि मे, माइट, शुड, कुड टाळायचे, कारण त्यातून दोन अर्थ निघतात. हे मी मामाकडून ऐकलेलं, तो बोटीवर होता. जसंच्या तसं वर्गात वापरलं. दोघांना पाठीला पाठ लावून बसवायचं, एकमेकांचं तोंड दिसत नाही, एकाने डिफेक्ट रिपोर्ट वाचून दाखवायचा आणि दुसऱ्याने लिहायचा. फिफ्टीन की फिफ्टी यावर जी हाणामारी व्हायची!

वय कमी आहे म्हणून घाबरू नका. जपानमध्ये एकदा सेन्सेई, म्हणजे गुरुजी, म्हटलं की पन्नाशीचा माणूस पण वाकून नमस्कार करतो. फक्त धंद्यातलं कळतंय असा आव आणू नका, मोल्डिंग कसं होतं ते त्यांनाच इंग्रजीत समजावून सांगायला लावा. त्यांचेच ईमेल मागून घ्या, पुस्तकातले न्यूयॉर्कचे ऑफिस पार्टीचे धडे बाजूला ठेवा.

इंग्रजी शिकवायच्या कोर्सबद्दल. नेटवर १२० तासांची सर्टिफिकेटं स्वस्तात मिळतात, ती घेऊन आलेल्यांनी कधी वर्ग घेतलेलाच नसतो. केंब्रिजच्या सेल्टा कोर्समध्ये किमान सहा तास खऱ्या विद्यार्थ्यांना शिकवावं लागतं आणि मागे परीक्षक बसलेला असतो. महाग आहे, पण ज्यात शिकवून घेतात असाच कोर्स करा. आणि एजन्सीला इंटरव्ह्यूतच दोन गोष्टी विचारा, जायच्या-यायच्या वेळेचे पैसे देता का, आणि कंपनीने ऐनवेळी क्लास कॅन्सल केला तर माझं काय. मला दीड तासाच्या क्लाससाठी तेवढाच वेळ ट्रेनमध्ये फुकट घालवायला लागायचा. गोलगोल उत्तर आलं तर सही करू नका, दुसरी एजन्सी बघा.