‘फक्त बॅटरी डाउन आहे’ म्हणणाऱ्यांनो

वर्षानुवर्षं जागची न हललेली गाडी ‘फक्त बॅटरी डाउन’ नसते. कधीच नसते. आणि विकणाऱ्याला हे पक्कं ठाऊक असतं. बॅटरी काही हजारांत येते. ती टाकून गाडी सुरू होणार असती, तर त्याने ती टाकली असती आणि चालू गाडीचा भाव घेतला असता. खरं तर त्याने टाकलेलीच असते. सेल्फ मारून बघितलेला असतो. इंजिन हलत नाही म्हटल्यावर बॅटरी काढून घेतो, बॉनेटवर एक फडकं फिरवतो आणि जाहिरात टाकतो: ‘प्रोजेक्ट कार, किरकोळ काम’.

मी सॅन स्टॉर्मबद्दल बोलतोय. ज्यांनी पाहिली नसेल त्यांच्यासाठी: नव्वदच्या दशकाच्या अखेरीस गोव्यात बनू लागलेली दोन सीटची, उघड्या टपाची गाडी. फ्रेंच डिझाइन, रेनॉचं 1149 सीसीचं इंजिन, साधारण 60 बीएचपी, फायबरची हलकी बॉडी. आकड्यांवर हसायचं त्यांनी हसावं. ज्या काळात आपल्याकडे स्पोर्ट्स कार म्हणजे पोस्टरवरची गाडी होती, त्या काळात कुणीतरी ती इथे बनवून रस्त्यावर आणली. बनल्याही थोड्या, उरल्यात त्याहून थोड्या. म्हणूनच उरलेल्यांची जी वाट लावली जाते, ती बघून माझं डोकं फिरतं.

‘फायबरची आहे हो, गंज कुठून लागणार?’ हे वाक्य मी इतक्यांच्या तोंडून ऐकलंय! बॉडी फायबरची आहे. खालची चेसिस, म्हणजे गाडीचा सांगाडा, पोलादाची आहे. गाडी कोकणात किंवा गोव्यात घराच्या मागे, प्लास्टिकच्या ताडपत्रीखाली पावसाळ्यामागून पावसाळे काढते. ताडपत्रीच्या आत ओल कोंडते, खाऱ्या हवेचा थर बसतो आणि चेसिसचे पाइप आतून पोखरले जातात. वरून बॉडी चकचकीत दिसते. जॅक लावला की तो पत्र्यात घुसतो. खाली वाकून बघायला गेलात की विकणारा म्हणतो, ‘तेवढं काय बघायचंय?’ तेवढंच बघायचं असतं! बाकी सगळं बदलता येतं, चेसिस नाही. चेसिसवर नंबर असतो, आणि त्या नंबरावरच गाडीचं कायद्यातलं अस्तित्व असतं.

आता इंजिन. बंद इंजिनात ओलसर हवा शिरते, पिस्टनच्या रिंगा सिलिंडरला गंजून चिकटतात. टाकीतल्या पेट्रोलचा चिकट राळेसारखा थर होतो, पंप जॅम होतो, इंजेक्टर बुजतात. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी ओढतं, त्यामुळे चाकांवरचे ब्रेक कॅलिपर आतून गंजून अडकतात. वायरिंगचं हार्नेस उंदरांनी खाल्लेलं असतं. यातलं काहीही दुरुस्त होतं, मला त्याची भीती नाही. हेच करायला तर आम्ही अशा गाड्या घेतो. राग याचा येतो की जॅम इंजिनात आधी थोडं तेल सोडून, दोन दिवस मुरू देऊन, पान्याने हळूहळू फिरवलं तर पुष्कळदा ते वाचतं. पण नाही. विकणाऱ्याला गिऱ्हाइकासाठी व्हिडिओ काढायचा असतो. म्हणून दुसऱ्या गाडीवरून जंपर लावून सेल्फ मारत बसतो, नाहीतर गिअरमध्ये टाकून चार पोरांकडून धक्का मारतो. रिंगा तुटतात, सिलिंडरला चरे पडतात. जे काम तेलावर भागलं असतं ते लेथवाल्याकडे सिलिंडर मोठं बोअर करून घ्यायला जातं. आणि त्या मापाचे पिस्टन आणायचे कुठून? रेनॉ ही फ्रेंच कंपनी भारतात लोगन ही गाडी घेऊन आली 2007 मध्ये, तीही वेगळ्या इंजिनांची. स्टॉर्मचं इंजिन रेनॉच्या तिकडच्या क्लिओ-ट्विंगो या गाड्यांचं. पुण्याची नाना पेठ पालथी घाला, कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर स्पेअर पार्टचं दुकान न् दुकान विचारा, लोक नावच दोनदा विचारतात. म्हणजे परदेशातून मागवायचं, वर कुरिअर आणि कस्टम ड्युटी भरायची. एका धक्क्याची ही किंमत, आणि ती विकणारा भरत नाही.

पण हे सगळं परवडलं, इतका कागदांचा संताप आहे.

‘पेपर क्लिअर आहेत.’ बरं, दाखवा. मग येते झेरॉक्स. झेरॉक्सची झेरॉक्स. आरसी ज्याच्या नावावर आहे तो माणूस वारलाय, मुलं परदेशात. मध्ये दोघातिघांनी गाडी घेतली आणि विकली, ट्रान्सफर एकानेही केली नाही, कोऱ्या फॉर्म 29-30 वर सह्या घेऊन पुढे ढकलली. मालक हयात नसेल तर वारसाच्या नावावर करायला फॉर्म 31 लागतो, वारसांच्या सह्या लागतात. वर आरसीवर बँकेचा बोजा! कर्ज केव्हाच फिटलं, बोजा उतरवायचे कष्ट कुणी घेतले नाहीत, आणि ती बँक आता दुसऱ्याच बँकेत विलीन झालीय. तिथल्या काउंटरवरच्या मुलीला त्या खात्याचा मागमूस सापडत नाही, तिचा काय दोष? गाडी गोवा पासिंग असेल तर महाराष्ट्रात आणायला फॉर्म 28 ची एनओसी. ती मिळवायची तर नोंदणी जिवंत हवी, आणि पंधरा वर्षांची मुदत केव्हाच उलटलेली. 2022 पासून नूतनीकरणाला 5,000 रुपये झाले, 2025 मध्ये वीस वर्षांवरच्या गाड्यांना 10,000. उशिराबद्दल महिन्याला 500 रुपयांची तरतूद वेगळीच. तपासणीला गाडी समोर उभी करावी लागते, म्हणजे आधी खर्च करून चालू करा, मग कळणार कागद होतात की नाही.

आणि कुणीतरी शहाणा सांगतो, ‘व्हिंटेजमध्ये टाक ना.’ व्हिंटेजचा नियम पन्नास वर्षांवरच्या गाड्यांना आहे. 1999 ची गाडी 2049 मध्ये व्हिंटेज होईल. तोपर्यंत ती सरकारच्या लेखी फक्त जुनी गाडी, तिच्यासाठी वेगळं दारच नाही.

हे सगळं विकणाऱ्याला माहीत असतं. याच कारणाने तर तो गाडी काढतोय! पण किंमत सांगताना आवाज बदलतो. ‘रेअर पीस आहे. सध्या रोडवर दिसते का सांगा.’ अहो, दिसत नाही ती तुमच्यासारख्यांमुळे. दर दोन महिन्यांनी दहा मिनिटं सुरू केली असती, नाहीतर गाडीखाली विटा देऊन टायर उचलले असते आणि टाकी रिकामी करून ठेवली असती, एकदा ट्रान्सफर केली असती, तर आज ती पळत असती. रेअर तुम्ही केलीत आणि त्याचे पैसे आमच्याकडून मागता.

माझ्याकडच्या स्टॉर्मच्या वेळी मी पाना आणि टॉर्च घेऊन गेलो होतो. मालक म्हणाला, ‘आधी टोकन, मग हात लावा.’ शेजारी भंगारवाला काटा घेऊन उभा, अॅल्युमिनियमचा भाव ठरवत. मी पैसे दिले आणि गाडी उचलून न्यायला फ्लॅटबेड ट्रक बोलावला, कारण दुसऱ्या दिवशी तिचे तुकडे झाले असते. पुढे इंजिन नंबर घासून बघितला तर आरसीवरचा वेगळाच. मध्येच कुणीतरी इंजिन बदललंय, नोंद केलेली नाही. मालकाला फोन केला. ‘मला काही कल्पना नाही, मी तर अशीच घेतली होती.’ नंतर फोन उचलणंच बंद.

ही गाडी मी सोडणार नाही. वारसांना शोधतोय, ईमेल चालू आहेत, चेसिस वेल्डरकडे आहे. पण तोंडी शब्दावर यापुढे मी कुणाच्या दारात जाणार नाही. विकायची असेल तर आधी मूळ आरसीच्या दोन्ही बाजूंचा फोटो पाठवा, झेरॉक्सचा नाही. चेसिस नंबर आणि इंजिन नंबरचा फोटो, धूळ पुसून. क्रँकच्या पुलीला पाना लावून इंजिन हाताने फिरवतानाचा व्हिडिओ. फिरत नसेल तर ‘जॅम आहे’ एवढं लिहा आणि कृपा करून सेल्फ मारू नका. जॅम इंजिनाची गाडीही मी घेईन, तिची किंमतही देईन. आणि बॅटरीचं नाव काढू नका, ती मी येताना घेऊन येतो.