लेखक वाचतो तेव्हा

गेल्या महिन्यात एका कथाकारांच्या अभिवाचनाचा व्हिडिओ पाहत होते. कथा मी आधी दोनदा वाचलेली होती, म्हणून पुस्तक मांडीवर उघडे ठेवून त्यांच्या वाचनाबरोबर ओळींवरून बोट फिरवत बसले होते. तिसऱ्या पानावरच्या एका वाक्यात 'पण' आहे आणि त्याच वाक्यात पुढे 'मात्र'ही आहे. लेखकाने ते वाक्य वाचताना 'मात्र' गाळला. ते अडखळले नव्हते, त्यांची नजरही कागदावरून हटलेली नव्हती. तो शब्द त्यांच्या जिभेनेच नाकारला होता. मी व्हिडिओ मागे नेऊन तोच तुकडा तीनदा ऐकला आणि मग छापील वाक्य स्वतः मोठ्याने वाचून पाहिले. 'मात्र'शिवाय ते वाक्य सरस होते. मी पेन्सिलीने त्या शब्दाभोवती फिकट कंस केला.

अभिवाचनानंतर पाऊण तास चर्चा झाली. लेखनामागची प्रेरणा, आजचे सामाजिक वास्तव, नव्या पिढीचे वाचन असे सगळे विषय झाले आणि लेखक चांगले बोललेही. पण त्या पाऊण तासातले आज मला काहीही आठवत नाही. गाळलेला तो एक शब्द मात्र आठवतो. (हा 'मात्र' मी जाणूनबुजून ठेवला आहे.) लेखकांचे असे व्हिडिओ मी बरीच वर्षे पाहत आले आहे आणि माझे मत हळूहळू पक्के होत गेले आहे, की त्यांतला ऐवज वाचनात असतो, बोलण्यात फार थोडा असतो, आणि आपण प्रेक्षक नेमके उलटे वागतो: वाचन सुरू झाले की ते पुढे सरकवतो आणि गप्पांपाशी येऊन थांबतो.

लेखकाने स्वतःचे लेखन वाचणे म्हणजे त्या लेखनाला दिलेला आणखी एक हात असतो. छापील पानावर स्वल्पविराम आहे, पण लेखक तिथे थांबत नाही. जिथे काहीच चिन्ह नाही तिथे तो श्वास घेतो. जो संवाद आपण चिडून उच्चारलेला समजत होतो तो लेखक थकलेल्या स्वरात वाचतो, आणि ते पात्रच आपल्या मनात वेगळे बसते. विनोदी म्हणून हसत वाचलेली गोष्ट लेखकाने अगदी सपाट आवाजात, चेहऱ्यावरची रेषही हलू न देता वाचली, की मग कळते की आपण हसत होतो ते चूक नव्हते, पण पुरेसेही नव्हते. ही माहिती कोणत्याही मुलाखतीत मिळत नाही, कारण ती लेखकाला सांगता येत नाही. त्याला ती फक्त वाचून दाखवता येते.

इंग्रज कादंबरीकार चार्ल्स डिकन्स 1858 पासून तिकीट लावून आपल्या लेखनाची जाहीर वाचने करू लागला, तेव्हा त्याने त्यासाठी स्वतंत्र प्रती तयार केल्या होत्या. त्यांत परिच्छेदच्या परिच्छेद काटलेले आहेत, शब्दांखाली रेघा आहेत आणि समासात स्वतःसाठी सूचना लिहिलेल्या आहेत. 'ऑलिव्हर ट्विस्ट' या कादंबरीतल्या नॅन्सीच्या खुनाच्या प्रसंगाशेजारी तर दहशत अखेरपर्यंत टिकली पाहिजे अशा अर्थाची सूचना आहे. म्हणजे लेखक श्रोत्यांपुढे उभा राहिला की आपल्याच मजकुराचा संपादक होतो. त्याचा आवाज आपल्यापर्यंत पोहोचला नाही, त्या प्रती पोहोचल्या. आज आपल्याला आवाज आणि चेहरा दोन्ही मिळतात. तेव्हा त्या काटाकाटीकडे लक्ष द्यायला हवे ना?

ध्वनिमुद्रणाच्या अगदी सुरुवातीच्या काळातला एक तुकडा मला फार प्रिय आहे. 1889 मध्ये एका मेजवानीत रॉबर्ट ब्राउनिंग या वृद्ध कवीला फोनोग्राफपुढे स्वतःची कविता म्हणायला सांगितले. त्याने जोरात सुरुवात केली, काही ओळी म्हटल्या आणि पुढचे शब्दच त्याला आठवेनात. त्याने तिथल्या तिथे दिलगिरी व्यक्त केली आणि आपल्याच ओळी आपल्याला आठवत नाहीत याचे नवल केले. त्याच वर्षाच्या डिसेंबरात तो वारला. त्याच्या आवाजाचे जे मुद्रण उरले ते हे, विसरण्याचे. कविता पूर्ण म्हटली गेली असती तर ते मुद्रण इतके जिवंत वाटले असते असे मला वाटत नाही.

उत्तम वाचनासाठी आवाज कमावलेलाच असावा लागतो, असे म्हणणाऱ्यांशी माझा म्हणूनच वाद आहे. श्राव्य पुस्तके वाचणारे व्यावसायिक कलावंत बहुतेक लेखकांपेक्षा कितीतरी चांगले वाचतात, यात शंका नाही. त्यांचा श्वास ऐकू येत नाही, वाक्याच्या शेवटी आवाज खाली पडत नाही, पात्रागणिक स्वर बदलतो. लेखक मान खाली घालून वाचतो, पान उलटताना अर्धे वाक्य हवेत लोंबकळत ठेवतो, ध्वनिक्षेपकापासून तोंड दूर नेतो. तरीही कलावंत वाचतो ते त्याने लावलेल्या अर्थाने, आणि तो अर्थ आधीच ठरलेला असतो. लेखकाच्या वाचनात, निदान चांगल्या लेखकाच्या वाचनात, अर्थ अजून थोडा मोकळा असतो. आपण हे असे का लिहिले होते, असा किंचित आश्चर्याचा भाव त्याच्या चेहऱ्यावरून सरकून जातो. तो टिपण्यासाठी तरी व्हिडिओच हवा. नुसत्या ध्वनिफितीत तो मिळत नाही.

कवींच्या बाबतीत हे आणखी ठळकपणे जाणवते. आयरिश कवी येट्सने 1932 मध्ये बीबीसीसाठी कविता वाचल्या, तेव्हा आधीच बजावले की या कविता छंदात बसवायला मला फार कष्ट पडले आहेत, त्यामुळे मी त्या गद्यासारख्या वाचणार नाही. मग त्याने त्या जवळजवळ मंत्र म्हटल्यासारख्या म्हटल्या. आजच्या कानाला ते विचित्र वाटते, पण त्या कवितेचा ताल कुठे आहे हे त्यानंतर वेगळे समजावून सांगावे लागत नाही. आपल्याकडे विंदा करंदीकर, वसंत बापट आणि मंगेश पाडगावकर या तिघांनी वर्षानुवर्षे एकत्र काव्यवाचन करून मराठी कवितेला श्रोता मिळवून दिला. त्यांची जी मुद्रणे आज ऐकायला मिळतात ती सलग ऐकली तर लक्षात येते, की तिघांच्या कविता जेवढ्या वेगळ्या आहेत तेवढेच त्यांचे थांबणेही वेगळे आहे. मला परक्या भाषेतल्या, मला अजिबात न समजणाऱ्या कविताही कवीच्या तोंडून ऐकायला आवडतात. एकदा नुसते ऐकायचे आणि मग खालची भाषांतराची पट्टी वाचत दुसऱ्यांदा ऐकायचे. पहिल्या खेपेला अर्थ नसतो, पण कुठली ओळ कवीच्या मते महत्त्वाची आहे हे बहुधा ओळखता येते.

या सगळ्याला एक धोकाही आहे. ऐकलेला आवाज पुन्हा कानातून काढता येत नाही. पुलंचे गद्य आज कोण स्वतःच्या आवाजात वाचतो? डोळे पानावर असतात आणि आत पुलंच बोलत असतात, त्यांच्या त्या ठरलेल्या जागी थांबून. ते सुखाचेच आहे, पण त्या वाक्याच्या इतर शक्यता त्यामुळे कायमच्या बंद झाल्या हेही खरे आहे. इंग्रज कादंबरीकार व्हर्जिनिया वुल्फच्या आवाजाचे एकच मुद्रण उरले आहे, 1937 मधल्या बीबीसीवरच्या भाषणातले, जेमतेम आठ मिनिटांचे. मी ते ऐकले तेव्हा तो आवाज माझ्या मनातल्या आवाजाशी इतका जुळेना, की पुढचे काही आठवडे तिची पुस्तके उघडता आली नाहीत. तेव्हापासून माझा एक नियम आहे: पुस्तक आधी, व्हिडिओ नंतर, आणि दोन्हींमध्ये काही दिवसांचे अंतर. जी. ए. कुलकर्णी समारंभांपासून आणि व्यासपीठांपासून दूर राहिले, इटालियन कादंबऱ्यांवरच्या एलेना फेरान्ते या टोपणनावामागचा चेहरा तर कॅमेऱ्यापुढे आलेलाच नाही. अशा लेखकांविषयी मला पूर्वी हळहळ वाटायची. आता वाटते, की त्यांच्या वाक्यांवर अजून तरी कोणाच्या आवाजाचा ताबा नाही.

आता गप्पांकडे वळते. लेखक आपल्या पुस्तकाविषयी बोलतो तेव्हा तो त्या पुस्तकाचा एक वाचक म्हणून बोलत असतो, आणि तो सर्वांत विश्वासार्ह वाचक असतोच असे नाही. त्याला आपला हेतू आठवतो. पानावर प्रत्यक्ष काय उतरले आहे हे कित्येकदा आठवत नाही. शिवाय नवे पुस्तक आले की तोच लेखक महिन्याभरात दहा ठिकाणी बोलतो. एकाच लेखकाच्या अशा तीन मुलाखती पाठोपाठ पाहिल्या, तर तोच किस्सा, तोच विराम आणि तेच संकोचाचे हसू तिन्ही वेळा येते. मी याला ढोंग म्हणत नाही. एकच प्रश्न दहा वेळा विचारला तर उत्तर गुळगुळीत होणारच, आणि 'हे तुमच्या आयुष्यात घडले आहे का' या प्रश्नाला आजवर एकाही लेखकाने उपयोगाचे उत्तर दिलेले मी पाहिलेले नाही.

'लोलिता'कार नाबोकोव्हने हे सगळे आधीच ओळखले होते. मुलाखतीचे प्रश्न तो लेखी मागवून घेत असे आणि उत्तरे लिहून काढून वाचत असे. बर्नार पिव्हो यांचा 'आपोस्त्रोफ' हा पुस्तकांविषयीचा कार्यक्रम फ्रेंच दूरचित्रवाणीवर 1975 ते 1990 अशी पंधरा वर्षे गाजला. त्यात नाबोकोव्ह 1975 मध्ये आला तेव्हाही समोर रचलेल्या पुस्तकांच्या आडोशाला त्याची कार्डे होती, आणि चहाच्या किटलीत चहाऐवजी व्हिस्की होती. लोक याला लबाडी म्हणून हसतात. मला त्यात एका लेखकाचा प्रामाणिकपणा दिसतो: मी लिहिणारा माणूस आहे, माझ्याकडून मिळायचे ते लिहिलेलेच मिळेल. थोडक्यात, मुलाखतीतही तो वाचनच करत होता.

गप्पांमधला एक प्रकार मला मनापासून आवडतो, तो लेखक आणि त्याचा अनुवादक यांच्या गप्पांचा. अनुवादक प्रेरणेविषयी विचारत नाही. तो विचारतो, या वाक्यातला 'तो' म्हणजे नेमका कोण, बाप की मुलगा? ही बहीण थोरली की धाकटी, कारण माझ्या भाषेत दोघींसाठी वेगळे शब्द आहेत? अशाच एका व्हिडिओत बहिणीविषयीचा हा प्रश्न आल्यावर लेखिका बराच वेळ गप्प राहिली. तिने कपाळावर बोट टेकवले, छताकडे पाहिले आणि कबूल केले की हे मी कधी ठरवलेच नव्हते. मग दोघींनी मिळून कादंबरीतले चार प्रसंग काढून पाहिले, आणि वीस वर्षांपूर्वी लिहिलेल्या त्या पात्राचे वय तिथे, कॅमेऱ्यासमोर, निश्चित झाले. सूत्रसंचालकाला काय करावे ते सुचत नव्हते. मला त्या दहा मिनिटांत लेखनाविषयी जे कळले ते कुठल्याही परिसंवादातून कळलेले नाही. प्रश्न वाक्यापाशी आला की लेखकाचे ठरीव उत्तर संपते आणि त्याला पुन्हा विचार करावा लागतो, एवढेच त्यामागचे कारण आहे.

कॅमेरा बोलक्या माणसाला झुकते माप देतो, ही माझी खरी तक्रार. हजरजबाबी, प्रसन्न, छान दिसणारा लेखक पुनःपुन्हा बोलावला जातो, त्याचे चाळीस सेकंदांचे तुकडे पार्श्वसंगीत लावून फिरत राहतात, आणि मितभाषी लेखक, मग तो कितीही चांगला लिहीत असो, हळूहळू पडद्याबाहेर जातो. पार्श्वसंगीताविषयी तर काय बोलावे! लेखकाने वाक्यात ठेवलेली शांतता भरून काढण्याचा अधिकार त्या संकलकाला कोणी दिला? काही प्रेक्षक दीडपट वेगाने व्हिडिओ पाहतात. गप्पांसाठी ते ठीक आहे, पण वाचन तसे ऐकले तर जे ऐकायचे तेच नेमके नाहीसे होते.

तब्येतीमुळे प्रत्यक्ष येऊ न शकलेल्यांसाठी हेच माध्यम किती उपयोगी ठरले आहे, हेही मी पाहिले आहे. इंग्रज नाटककार हॅरॉल्ड पिंटर 2005 मध्ये नोबेल व्याख्यानासाठी जाऊ शकला नाही, म्हणून आधी चित्रित केलेले त्याचे भाषण दाखवले गेले. चाकांच्या खुर्चीत बसलेला, गुडघ्यांवर पांघरूण घेतलेला, घोगऱ्या आवाजात कागद वाचणारा माणूस. ना श्रोते, ना टाळ्या. 2013 मध्ये कॅनडाची कथाकार अ‍ॅलिस मन्रो हिच्या बाबतीत व्याख्यानाऐवजी चित्रित संभाषणच दाखवले गेले. पिंटरचे मी तीनदा पाहिले आहे, मन्रोचे एकदाच, आणि मन्रोच्या कथा मला पिंटरच्या नाटकांपेक्षा कितीतरी अधिक आवडतात.

परवा त्या पहिल्या कथाकारांचा आणखी एक, दोन वर्षांपूर्वीचा व्हिडिओ सापडला. कथा तीच, पान तेच. मी पुस्तक पुन्हा मांडीवर घेतले. या खेपेला त्यांनी 'मात्र' स्वच्छ उच्चारला, थोडा जोर देऊनच, आणि 'पण' गाळला. मी बराच वेळ दोन्ही वाक्ये आळीपाळीने म्हणून पाहिली. मग पेन्सिल घेऊन 'पण'भोवतीही कंस केला. आधीचा खोडला नाही.