पपईवर पहारा

आज भाचेसुनेचं डोहाळजेवण होतं. सातवा महिना. फुलांचे दागिने घालून पोर झोपाळ्यावर बसलेली, ओटी भरायला हात धरला तर चटकाच बसला. "अगं, ताप आहे तुला!" ती बोलायच्या आत मावशी म्हणाल्या, "नटलीय किती, दृष्ट लागली असेल. मीठ-मोहऱ्या ओवाळा." आणि ताटात काय, तर कालचं उरलेलं पनीर. फ्रिजमधून काढलेलं, गारढोण.

मी ताट उचललं. आवाजही चढला. चार बायकांत नको होता चढायला, मान्य.

पण २०१८ साली मलाही सातव्यातच अशी कणकण आली होती. "या दिवसांत होतंच" म्हणून डॉक्टरांनीसुद्धा पॅरासिटामॉल देऊन घरी पाठवलं. तिसऱ्या दिवशी बाळाची हालचाल मंदावली. दुसऱ्या हॉस्पिटलात रक्ताचं कल्चर, म्हणजे रक्तात जंतू वाढतात का ती तपासणी केली, तेव्हा लिस्टेरिया हे नाव पहिल्यांदा कानावर पडलं. हा जंतू फ्रिजमध्ये मरत नाही, सावकाश वाढतो. वास नाही, चव नाही. आईला जरासा ताप, आणि हा वारेतून थेट बाळापर्यंत! ॲम्पिसिलिन हे अँटिबायोटिक वेळेत मिळालं तर ठीक.

आमच्याकडे पपईवर काय पहारा होता! अननस म्हटलं तरी सासूबाई डोळे वटारायच्या. आणि फ्रिजच्या वरच्या कप्प्यात सुट्या पनीरचा स्टीलचा डबा, चार-चार दिवसांचा. मी उभ्याउभ्या चाट मसाला भुरभुरून खायचे. त्याकडे कुणाचं लक्ष नाही. माझंही नाही.

त्या डब्यानेच घात केला का, देव जाणे. खाल्ल्यापासून ताप येईपर्यंत ७० दिवससुद्धा जाऊ शकतात, कुठलं कुठलं आठवणार? हा आजार क्वचित होतो, हेही खरं. पण २०१७-१८ मध्ये दक्षिण आफ्रिकेत पोलोनी नावाच्या तयार मांसातून हजारावर लोकांना झाला, दोनशेवर गेले, त्यात कितीतरी तान्ही बाळं. क्वचित म्हणे!

दूध उकळा, उरलेलं वाफ येईपर्यंत गरम करा, नाहीतर टाकून द्या. एवढं जड आहे का हो?

सासूबाईंना दोष नाही देत. लेक काचेच्या पेटीत होती ते एकोणीस दिवस त्या बाहेरच्या बाकावर बसून होत्या. घरी आल्यावर तो डबा त्यांनीच भंगारात दिला, मला न सांगता.

भाचेसुनेला संध्याकाळी डॉक्टरांकडे नेलं. रक्त घेतलंय, इंजेक्शनही सुरू केलंय. मावशींचे तीन मिस्ड कॉल आलेत. उद्या बघू.