खुलासा: ‘समथिंग’ जॉर्ज हॅरिसनचं आहे

‘गायकांची आवडती गाणी’ नावाचा मेसेज फिरतोय. त्यात म्हटलंय की अमेरिकन गायक फ्रँक सिनात्राला बीटल्स या ब्रिटिश बँडमधल्या लेनन-मॅकार्टनी या गीतकार-संगीतकार जोडीचं ‘समथिंग’ हे गाणं फार आवडायचं. आवडायचं हे खरं, त्याने ते रेकॉर्डही केलं. पण गाणं त्याच बँडमधल्या जॉर्ज हॅरिसनचं आहे, शब्द आणि चाल दोन्ही. बीटल्सच्या १९६९च्या सिंगलची तबकडी पाहा: ‘समथिंग’च्या लेबलवर हॅरिसनचं नाव, दुसऱ्या बाजूला ‘कम टुगेदर’खाली लेनन-मॅकार्टनीचं. गैरसमज पसरायला कारणही आहे. सिनात्रा स्वतःच स्टेजवरून हे गाणं त्या जोडीच्या नावावर सांगायचा. हॅरिसनची गाणी आधीच त्या दोघांच्या मागे झाकली गेली, म्हणून ही चूक जास्त लागते. कृपया तो मेसेज पुढे पाठवू नका. पाठवला असेल, तर त्याच ग्रुपवर हा खुलासा टाका.