उष्णता सोसणारा बायोसेन्सर हवाच कशाला? एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार. लस बर्फाच्या पेटीतून पाड्यापर्यंत पोहोचते, मग अल्झायमरच्या चाचणीसाठी उष्णतेत टिकणारे बायोसेन्सर (जैविक रेणूंच्या साहाय्याने रक्तातील घटक मोजणारी साधने, जसे चाचणीची पट्टी) बनवणे ही प्रयोगशाळेची हौस नव्हे काय, आणि जो आजार बरा होत नाही तो लवकर कळून उपयोग काय, असे दोन आक्षेप आपण घेतले आहेत.

लसीकरणाचा दिवस ठरलेला असतो. चाचणीची पट्टी मात्र दवाखान्याच्या कपाटात महिनोन्महिने पडून राहते, आणि मे महिन्यात चंद्रपूरला ते कपाट किती तापते हे वेगळे सांगायला नको. शिवाय लसीच्या कुपीवर उष्णता लागल्याचे दाखवणारी, रंग बदलणारी खूण असते; पट्टीवर ती सहसा नसते. पट्टीवरील प्रतिपिंड (रक्तातील ठराविक घटक पकडणारा रेणू) हे प्रथिन असल्यामुळे उष्णतेने त्याची घडी उलगडते, पण सगळे रेणू एकदम निकामी होत नाहीत, त्यामुळे पट्टी बंद न पडता गुपचूप कमी आकडा दाखवू लागते. खरा धोका इथे आहे. अल्झायमरमध्ये रक्तातील पी-टाऊ २१७ हे प्रथिन वाढते, तर अमायलॉइड बीटा या दुसऱ्या प्रथिनाच्या ४२ या प्रकाराचे ४० या प्रकाराशी असलेले प्रमाण घटते. म्हणजे तापलेली पट्टी टाऊ मोजत असेल तर रुग्णाला निरोगी ठरवील, आणि ४२ मोजणारा भाग बिघडला असेल तर निरोगी माणसाला रुग्ण. त्यातही हे टाऊ मिलिलिटरमागे पिकोग्रॅममध्ये (ग्रॅमच्या एक लाख कोटीव्या भागात) मोजावे लागते, त्यामुळे किंचित घटही निकाल फिरवू शकते.

म्हणूनच उंटवर्गीय प्राण्यांच्या प्रतिपिंडांपासून मिळणाऱ्या, उष्णता अधिक सोसणाऱ्या नॅनोबॉडी या छोट्या तुकड्यांकडे आणि ॲप्टामरकडे, म्हणजे ठराविक रेणूला चिकटणाऱ्या डीएनएच्या छोट्या साखळ्यांकडे, संशोधक वळले आहेत. ॲप्टामर तापला तरी थंड होताच बहुधा मूळ आकारात परततो. (रक्तातील विकरे त्याचे तुकडे पाडतात, हे त्याच्या पुरस्कर्त्यांनी जरा मोठ्याने सांगायला हवे.)

दुसऱ्या आक्षेपात तथ्य आहे. लेकानेमॅब या अल्झायमरवरील औषधाने १८ महिन्यांत ऱ्हासाचा वेग सुमारे २७ टक्क्यांनी कमी केला, आजार बरा केला नाही. मे २०२५ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने मंजूर केलेली रक्तचाचणीही ५५ व त्यापुढील वयाच्या, लक्षणे दिसू लागलेल्या व्यक्तींसाठीच आहे; धडधाकट माणसाने ती करावी असे मीही म्हणणार नाही. पण विसराळूपणा ब-१२ च्या कमतरतेमुळे किंवा थायरॉइडमुळे आला असेल, तर अल्झायमर नाही हे वेळेत कळण्याला मोल आहे.

आपण न घेतलेला एक आक्षेप मला अधिक गंभीर वाटतो. पट्टी टिकली तरी रक्तही टिकले पाहिजे. नमुना तासन्तास बाहेर राहिला तर त्यातील अमायलॉइड बीटा घटत जाते, पी-टाऊ २१७ मात्र त्या मानाने स्थिर राहते. गावपातळीवरच्या सेन्सरसाठी आधी टाऊ निवडावे, हे माझे मत त्यावरूनच बनले आहे.