उन्हात शाई सुकते म्हणून टँकचा प्रिंटर नको? खुलासा

नागपुरातल्या सोसायट्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक मेसेज फिरतोय: 'आपल्याकडच्या उन्हात इंक टँकची शाई सुकते, साधा कार्ट्रिजवालाच प्रिंटर घ्या.' हे अर्धसत्य आहे. सुकते ती टाकीतली शाई नाही, तर हेडच्या, म्हणजे कागदावर शाई उडवणाऱ्या भागाच्या, बारीक छिद्रांतली. आणि तीही प्रिंटर नुसता पडून राहिला तर. कार्ट्रिजलाही ते चुकलेलं नाही. फरक एवढाच, की बऱ्याच स्वस्त मॉडेलांत हेड कार्ट्रिजलाच असतं, नवं टाकलं की भागतं. टँकच्या बहुतेक मशीनमध्ये ते आतच बसवलेलं, बदलायला महाग.

पण खर्च बघा ना! एचपी 805 च्या काळ्या कार्ट्रिजमधून कंपनीच्याच हिशेबाने 120 च्या आसपास पानं निघतात. टँकमध्ये ओतायच्या एप्सन 003 च्या 65 मिलीच्या काळ्या बाटलीतून 4,500. महिन्याला चारच पानं काढणाऱ्याने मात्र दोन्हींच्या भानगडीत पडू नये, कोपऱ्यावरचं झेरॉक्सचं दुकान परवडतं.

मे महिन्यात आठवड्याला एखादं रंगीत पान काढत राहा. प्रिंटर त्याच्याच बटणाने बंद करा. मध्येच भिंतीवरचा स्विच पाडला तर हेड झाकणाखाली जाऊन बसत नाही. आणि उठसूट हेड क्लीनिंग नको, त्यात शाईच वाया जाते.