स्टोइक माणूस रडत नाही, हे कुणी सांगितलं?

आमचे आतोबा गेले त्याला अजून महिनाही झालेला नाही. परवा आत्याने फोन माझ्यापुढे धरला आणि विचारलं, "अगं, मी इतकी कच्ची आहे का?" तिच्या भजनी मंडळाच्या ग्रुपवर कुणीतरी सांत्वन म्हणून एक मेसेज टाकला होता, ‘प्राचीन ग्रीक स्टोइक तत्त्वज्ञांची सहा सूत्रं’. (स्टोइक म्हणजे मनाला विचाराने सावरायला शिकवणारा ग्रीक-रोमन पंथ.) वर संगमरवरी पुतळ्याचा फोटो, खाली हात जोडलेले. नंतर तोच मेसेज मला आमच्या सोसायटीच्या ग्रुपवरही दिसला, म्हणजे तो भरपूर फिरतोय. पाठवणाऱ्यांचा हेतू चांगलाच असणार. पण नवरा गेलेल्या बाईला "अश्रू ही दुर्बलता आहे" असं सांगायचं आणि वर ग्रीकांचा हवाला द्यायचा, हे मला सहन होत नाही. त्यात हवालाही खोटा आहे.

सूत्र 1 : "खरा स्टोइक रडत नाही. तो भावना मारून टाकतो आणि पुतळ्यासारखा अविचल राहतो."

पुतळा मेसेजनेच काढलाय, तर एपिक्टेटसपासून सुरुवात करते. हा रोमन काळातला स्टोइक तत्त्वज्ञ, आजच्या तुर्कस्तानातल्या हायरापोलिसचा. आयुष्याची सुरुवात गुलामीत गेली. सुटका झाल्यावर तो तत्त्वज्ञान शिकवू लागला आणि पुढे ग्रीसमध्ये निकोपोलिसला त्याने शाळा चालवली. स्वतः त्याने काही लिहिलं नाही. त्याच्या शिकवणीची टिपणं शिष्य एरियनने करून ठेवली. त्या प्रवचनांच्या तिसऱ्या भागातल्या दुसऱ्याच प्रकरणात तो म्हणतो की मी पुतळ्यासारखा भावनाशून्य असता कामा नये. मला मुलगा, भाऊ, बाप, नागरिक म्हणून नाती निभावायची आहेत. मेसेजमधलं वाक्य याच्या थेट उलट आहे.

मग रडण्याचं काय? ऑलस गेलियस नावाच्या रोमन लेखकाने दुसऱ्या शतकातला, स्वतः अनुभवलेला एक प्रसंग लिहून ठेवलाय. ग्रीसकडून इटलीतल्या ब्रुंडिझियम बंदराकडे निघालेलं जहाज रात्री वादळात सापडतं, आत पाणी भरायला लागतं. प्रवाशांत अथेन्समधला एक नामांकित स्टोइक असतो. गेलियस मुद्दाम त्याच्याकडे बघतो. इतरांसारखा तो आक्रोश करत नसतो, पण त्याचा चेहरा मात्र इतरांसारखाच पांढराफटक पडलेला. वादळ शमल्यावर एक श्रीमंत प्रवासी त्याला हिणवतो, की तत्त्वज्ञ म्हणवता आणि घाबरता? पुढे बंदर जवळ आल्यावर गेलियस त्याला आदराने कारण विचारतो, तेव्हा तो आपल्या पिशवीतून एपिक्टेटसच्या प्रवचनांचं पाचवं पुस्तक काढून देतो. (आज फक्त चार भाग उरलेत. पाचव्यातला हा मजकूर गेलियसमुळे वाचला.) त्यात लिहिलेलं असं : अचानक मोठा आवाज झाला, वाईट बातमी आली, की शहाण्या माणसाचंही मन हलतं, चेहरा उतरतो. ते आपल्या हातात नाही. हातात असतं ते पुढचं. "हे भयंकर आहे, आता सगळं संपलं" या विचाराला मान्यता द्यायची की नाही, एवढंच. स्टोइकांचा सगळा अभ्यास या दुसऱ्या पायरीवर आहे. मेसेज लिहिणाऱ्याने पहिल्याच पायरीवर माणसाला गुन्हेगार ठरवलं.

सेनेका या रोमन स्टोइकाने तर थेट शोकावरच लिहिलंय. तो ज्याला पत्रं लिहायचा त्या ल्युसिलियसचा मित्र वारला तेव्हाचं त्रेसष्टावं पत्र बघा. मित्र गेल्यावर डोळे कोरडे राहू नयेत आणि वाहतही राहू नयेत, अश्रू यावेत पण आक्रोश नको, असं त्याचं म्हणणं. त्याच पत्रात तो सांगतो की अ‍ॅनियस सेरेनस हा आपला जिवलग गेला तेव्हा मी स्वतः इतका रडलो, की दुःखापुढे हरलेल्यांत माझं नाव घ्यावं लागेल. पुढे तो त्या अतिरेकाबद्दल स्वतःला दोष देतो, हेही सांगायला हवं. पण दोष अतिरेकाला आहे, अश्रूंना नाही.

आता जे खरं आहे ते नाइलाजाने मान्य करते. स्टोइक शोकाला मनाच्या विकारांमध्ये धरत आणि विकारमुक्त मन हा त्यांचा आदर्श होता. एपिक्टेटस कधीकधी ऐकवत नाही इतका कठोर बोलतो. पोटच्या मुलाला जवळ घेताना हा मर्त्य आहे हे मनात म्हण, असा त्याचा सल्ला आहे. मला तो आजही झेपत नाही. पण हे सगळं माणसाने स्वतःच्या मनाशी करायचं आहे. दुसऱ्याचा शोक दिसला तर काय करायचं, हे तोच, त्याच्या शिकवणीचं सार असलेल्या छोट्या पुस्तिकेच्या सोळाव्या कलमात सांगतो : त्याला शब्दांनी धीर द्यायला कचरू नकोस, वेळ पडली तर त्याच्याबरोबर हुंदकाही दे, फक्त आतून कोलमडू नकोस. म्हणजे हा मेसेज रडणाऱ्या बाईला पाठवणं एपिक्टेटसलाच मान्य झालं नसतं. त्याने तिच्याशेजारी जाऊन बसायला सांगितलं असतं.

सूत्र 2 : "सम्राट मार्कस ऑरेलियस आयुष्यात कधीही रडला नाही."

मार्कस हा दुसऱ्या शतकातला रोमन सम्राट, स्वतः स्टोइक. पण हे तर चक्क रचलेलं आहे. जुन्या रोमन सम्राटचरित्रांत याच्या उलट गोष्ट आहे. मार्कस तरुण असताना त्याला सांभाळणारा शिक्षक वारला आणि तो रडू लागला. राजवाड्यातले लोक त्याला आवरायला लागले, तेव्हा सम्राट अँटोनायनस पायस म्हणाला, "त्याला माणूस होऊ द्या. तत्त्वज्ञान काय किंवा राज्य काय, भावना काढून घेत नाही." ही चरित्रं सगळीच भरवशाची नाहीत, म्हणून मी फक्त त्यांच्यावर विसंबत नाही. मार्कसची गुरू फ्रोंटोशी झालेली पत्रं आपल्याकडे आहेत. त्यांत मुलीचा ताप, तिचे जुलाब, खोकला, अशी एका बापाची काळजी आहे. त्याची बरीच मुलं लहानपणीच गेली. आणि स्वतःसाठी ग्रीकमध्ये लिहिलेल्या टिपणांच्या पहिल्याच भागात, सेक्स्टस या शिक्षकाकडून काय शिकलो हे नोंदवताना तो लिहितो : विकारांपासून पूर्ण मोकळं असणं आणि तरीही अत्यंत प्रेमळ असणं. दोन्ही एकाच वाक्यात.

सूत्र 3 : "मालकाने पाय मोडला तरी एपिक्टेटस हसत राहिला."

तो लंगडा होता हे खरं, स्वतःच सांगतो. मालकाने पाय पिरगाळल्याची कथा सेल्सस या ख्रिस्ती धर्माच्या टीकाकाराने सांगितलेली, ऑरिजेन या ख्रिस्ती लेखकाने उद्धृत केलेली. दुसरीकडे ‘सुडा’ हा मध्ययुगीन कोश त्याचं लंगडेपण संधिवातामुळे होतं असं म्हणतो. खात्रीलायक असं काही नाही.

सूत्र 4 : "जे घडेल ते मुकाट्याने सोसा."

हेल्व्हिडियस प्रिस्कस हा स्टोइक विचारांचा रोमन सिनेटर, म्हणजे राज्यसभेचा सदस्य. एपिक्टेटस सांगतो की सम्राट व्हेस्पेशियनने त्याला सिनेटमध्ये येऊ नकोस म्हणून बजावलं. त्याने उत्तर दिलं, मला सदस्य ठेवायचं की नाही हे तुमच्या हातात, पण सदस्य आहे तोवर मी येणार आणि योग्य वाटेल ते बोलणार. शेवटी त्याला हद्दपार करून मारलं. याला मुकाट सोसणं म्हणत नाहीत.

सूत्र 5 : "अलेक्झांडरने गीतेतला स्थितप्रज्ञ ग्रीसला नेला, तोच स्टोइक."

साम्य आहे, आणि दुसऱ्या अध्यायाचे शेवटचे श्लोक एपिक्टेटसशेजारी ठेवून वाचायला मलाही आवडतं. अलेक्झांडर इ.स.पू. 326 मध्ये पंजाबात आला हेही खरं. त्याच्या स्वारीबरोबर आलेला ग्रीक तत्त्वज्ञ पिऱ्हो इथल्या दिगंबर साधूंना भेटल्याचं डायोजिनीस लेअर्शियस हा तत्त्वज्ञांचा चरित्रकार लिहितो. पण पिऱ्हो संशयवादी, स्टोइक नव्हे. स्टोइक पंथ काढला सायप्रसच्या झेनोने, इ.स.पू. 300 च्या सुमारास, अथेन्सच्या बाजारचौकातल्या चित्रांच्या ओसरीत. तो क्रेटीस या सिनिक, म्हणजे सुखसोयी नाकारणाऱ्या पंथातल्या, तत्त्वज्ञाकडे शिकला. गीता त्याच्यापर्यंत पोचल्याचा एकही पुरावा नाही.

सूत्र 6 : "आपण ऐकतो ते मत असतं, सत्य नव्हे – मार्कस ऑरेलियस. आधुनिक मानसशास्त्रही भावना दाबा असंच सांगतं."

पहिलं वाक्य मार्कसच्या टिपणांच्या बाराही भागांत कुठे नाही. दुसऱ्यात नखभर तथ्य आहे. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिसने 1955 च्या सुमारास जी उपचारपद्धती सुरू केली, मराठीत आपण तिला विवेकनिष्ठ मानसोपचार म्हणतो, तिच्या मुळाशी एपिक्टेटसचं वाक्य आहे : माणसाला घटना अस्वस्थ करत नाहीत, घटनांविषयीची मतं अस्वस्थ करतात. एलिस हे ऋण उघड मान्य करायचा. पण भावना दाबा असं त्याने सांगितलेलं नाही. नैराश्य आणि दुःख यांत तो स्पष्ट फरक करतो. जवळचं माणूस गेल्यावर होणारं दुःख त्याच्या लेखी निरोगी आहे, उपचार त्यावर करायचा नसतो.

ज्यांनी हा मेसेज कुठल्याही ग्रुपवर टाकला असेल, त्यांनी तो काढून टाकावा. आणि ज्या घरात नुकतं कुणी गेलंय तिथे तो पोचला असेल, तर फोन करून तसं सांगावं.